मंगलची आडवी दाढ

गुंजी, ता. खानापूर
सोमवार

ती. राजाआक्काच्या पायाशी धाकट्या रवळूचं डोकं.

पत्र कशाला, म्हणशील. तू फोन घेतलास की आवाज मोठा करून कट्ट्यावर ठेवतेस आणि निम्मं संकेश्वर ऐकतं. तुझा गुडघा कसा हाय? दाजींचा खोकला उतरला का? इकडं सगळं बरं, फक्त तुझ्या भावजयीचा, मंगलचा, गाल एका बाजूनं भोपळ्यागत सुजलाय. खालची शेवटची दाढ आडवी आलीया आणि ती शिरेवर टेकलीया असा संशय हाय.

शीर कसली ते ऐक. आपली पोरगी प्रियदर्शनी बेळगावात दातांच्या डॉक्टरकीचं वरचं शिक्षण घेतीया, त्यात तिनं खालच्या जबड्याचा अभ्यास धरलाय. जबड्याच्या हाडात म्हणे एक नळी असते, त्यातनं शीर जाते आणि हनुवटीजवळच्या भोकातनं भायेर येते. कुणाचं भोक पुढं, कुणाचं मागं, आणि एखाद्याला नळ्याच दोन. डॉक्टरला दुसरी ठाऊक नसली की इंजेक्शन देऊनबी माणूस खुर्चीत बोंबलतो. म्हणून दाढदुखीवाल्यांच्या सबंध जबड्याचे एक्स-रे ती तपासतीया. मी म्हटलं, दुखऱ्या दाढांचा गुंजीत काय तोटा? वडापची गाडी भरली. शहरात गावाची शोभा जाऊ नये म्हणून बायकांना बजावलं, असंल नसंल ते सोनं घालून या.

आल्या की सगळ्या लग्नाला निघाल्यागत! तिथं प्रियदर्शनी म्हणाली, मानेपासनं वर धातूचा कणबी नको, त्याची सावली हाडावर पडते. नथ काढा, बुगड्या काढा, मंगळसूत्रसुद्धा. (पोरीनं मला आधी सांगितलं होतं म्हणे. असंल. माझं लक्ष गाडी ठरवण्यात होतं.) नथी-बुगड्या निघाल्या, पर मंगळसूत्राला एकबी बाई हात लावंना. शेवटी शेजारच्या मालुबाईनं तोड काढली. तिच्या पिशवीत सुताचा दोरा आणि हळदीची पुडी असतेच. गळ्यात हळदीचा दोरा बांधायचा, मग मंगळसूत्र उतरवायचं. गळा मोकळा ऱ्हात न्हाय आणि सुताची सावलीबी पडत न्हाय. प्रियदर्शनीला हे लई पटलं.

पहिला मान माझा. दांडी चावून उभं ऱ्हायचं आणि यंत्र आपल्या डोक्याला प्रदक्षिणा घालतं. मी पापणी हलवली न्हाय. आणि आक्का, डाव्या बाजूला मला दोन नळ्या निघाल्या! आपल्या घराण्यात मीच पहिला (दुसऱ्या कुणाचं बघितलंच न्हाय, ही गोष्ट वेगळी). तिच्या सरांनी शिकणाऱ्या पोरांना बोलावून माझा जबडा दाखवला.

मंगलचा एक्स-रे तेवढा ऱ्हायला. बाईमाणसाचं मन, भ्यालं. मी काय जुन्या मताचा न्हवं, तू जाणतेसच, पर तिच्यावर जोर कसा करायचा? एक्स-रेबिगर डॉक्टर दाढंला हात लावत न्हाईत. ती नुसती पेज पिते, आणि माझ्या घशाखाली भाकरी उतरत न्हाय. मला बघवत न्हाय, आक्का.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रवळू

ता. क. पुढच्या बुधवारी परत बोलावलंय. तू येच. तुझा शब्द मंगल मोडत न्हाय.

ता. क. वन्सं, मी मंगल. पाकीट चिकटवाय माझ्याकडं दिलंय म्हणून लिवते. मी दोरा बांधला, मंगळसूत्र काढून हेंच्याच हातात दिलं आणि मशीनीत हुबी ऱ्हायले. मशीन फिराय लागलं आणि हे दारात मटकन खाली बसले. पोरीनं मशीन बंद करून बापाला पाणी पाजलं. डोळं उघडल्यावर पयलं बोलणं, "मंगल, घाल ते आधी." शिरा दोन निघाल्या, धीर एकबी न्हाय. पर हेंचं हात असं गार पडलते की मलाच बघवंना. घातलं.

बुधवारी तुमी यावाच. माझ्यापाशी नगो, हेंच्यापाशी बसा. दोरा मी माझ्या गळ्यात बांधीन. मंगळसूत्र ह्या खेपंला हेंच्या गळ्यात घालणार हाय, मशीन थांबस्तवर. तुमी तेवढं हसू नका.