येसाजी मास्तरांचा खालचा जबडा

५ सप्टेंबर १९८३
क्लार्नेट धरला की खालची कवळी निसटते. मे महिन्यात कशेळ्याच्या वरातीत ती थेट नवरदेवाच्या घोड्यापुढे पडली. दोष कवळीचा. मुंबईचा डॉक्टर म्हणतो, दोष हाडाचा. दात जाऊन वर्षं झाली, जबडा झिजून पेन्सिलीएवढा उरलाय. आता हिरडी चिरून हाडावर धातूची चौकट बसवणार. तिचे चार खुंट वर येणार, त्यांवर पक्के दात. ठरलं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन. कडावची आमची बँड पार्टी यंदा सगळ्यांना मागे टाकणार.

२ ऑक्टोबर
पहिल्या ऑपरेशनात हाडाचा साचा घेतला, आज दुसऱ्यात चौकट बसवली. डॉक्टर म्हणाला, सहा महिने फुंकायचं नाही, मिश्री बंद, दुखलं तर लगेच या. फुंकायचं नाही हे नवशिक्यांसाठी असणार. मी फुंकत नाही, वाजवतो.

२० ऑक्टोबर
मिश्री आजपासून कायमची बंद.

२१ ऑक्टोबर
मिश्री फक्त वरच्या हिरडीला.

९ नोव्हेंबर
सकाळी तोंडात खारट. बायको जना म्हणाली, तोंडाला वास येतोय, ह्ये बरं नाय, डॉक्टरकडं चला. तिला समजावलं, नव्या धातूला वास असतोच. तरी सोमवारी जाईन.

१४ नोव्हेंबर, सोमवार
रिहर्सलमुळे मुंबई रद्द. हनुवटी बधिर आहे. चहा ओघळतो ते मला कळत नाही, जना पुसते. पण दुखत नाही. दुखलं तर या, असंच डॉक्टर म्हणाला होता. म्हणजे जायचं कारण नाही.
दुसरा क्लार्नेट भिवाजी वाजवतो. म्हणाला, मास्तर, यंदा वरचे सूर मी घेतो, तुमी नुसता हातानं ताल द्या. त्याचा डोळा माझ्या जागेवर आहे.

२३ नोव्हेंबर
मागचा खुंट जिभेनं हलतो. बसत असेल. जबड्याखाली बोराएवढी गाठ आलीय. मफलर बांधला. तशी थंडीही आहे.

२७ नोव्हेंबर
साजगावची सुपारी. मांडवाजवळ लांब सूर धरला. कानाशी कट्ट वाजलं. वाटलं, क्लार्नेटच्या तोंडाची पट्टी तुटली. पाहिली तर धड होती. तोंड मिटेना. पोशाखावर रक्त. भिवाजीनं मला खुर्चीत बसवलं आणि गाणं तिथूनच उचललं. वरातीला काही कळलं नाही.

१० डिसेंबर, हॉस्पिटल
हाड मोडलं. आत सगळा पू होता. चौकट काढली, जबडा तारेनं बांधला. नळीनं पेज. डॉक्टर एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून पाहत होता. जनानं विचारलं, परत वाजवतील ना. त्यानं तिला बसायला स्टूल दिलं. सभ्य माणूस.

१५ डिसेंबर
भिवाजी आला. सीझन जोरात आहे म्हणे. म्हणाला, मास्तर, घरी बसून काय करणार, बँडात खुळखुळे वाजवायला माणूस नाय. त्याला तोंड लागत नाय. मी पाटीवर लिहिलं, विचार करून कळवतो. त्यानं ते सावकाश वाचलं, मान हलवली, आणि खुळखुळे उशाशी ठेवून गेला.
संध्याकाळी सहज हलवून पाहिले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, ताल चुकतोय.