बी हिदायाच्या खोलीचे सात फोटो

३ जुलै, सोमवार

आज मी इद्दतीत बसलेल्या बाईच्या खोलीचे फोटो काढले. चोरून. लिहून टाकलं एकदा, आता बाकीचं लिहिता येईल.

मगोमेनीतलं ते जुनं घर. बी हिदायाचा नवरा जाऊन महिना झाला. चार महिने दहा दिवस ती उंबऱ्याबाहेर पडणार नाही, परक्या पुरुषासमोर येणार नाही. म्हणून तर मला पाठवलं! आमच्या घरविक्रीच्या फर्मचे किमारोसाहेब सकाळी म्हणाले, "साउमू, आमच्यातलं कुणी आत जाऊ शकत नाही. तू बाई, त्यात मुसलमान. डोक्यावरून कांगा घे आणि सांत्वनाला म्हणून जा. तिथे बायका बसलेल्या असतात, विक्रीचं अवाक्षर काढू नकोस. बोभाटा नको." मी "हो सर" म्हटलं. एवढ्या पटकन म्हटलं की त्यांनाच नवल वाटलं असेल.

गेले. दारात चपला काढल्या, बायकांच्यात जाऊन बसले, फातिहा पढले. बी हिदायानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "कुणाची गं तू?" मी आईचं नाव सांगितलं. तेवढं एकच खरं बोलले तिथे. म्हणाली, "आईला सलाम सांग." मग बायकांना चहाचं बघायला आत धाडलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी कांग्याच्या आडून फोन बाहेर काढला.

सात फोटो. छत, दोन खिडक्या, कोरीव पलंग, दार, मागचं अंगण. सातवा सबंध खोलीचा, त्यात तिचं पाऊल आलंय. ते ऑफिसात कापून टाकलं.

चहाबरोबर तळलेल्या दोन मंडाझी खाल्ल्या. आग्रह केला म्हणून दुसरी.

४ जुलै, मंगळवार

फोटो वेबसाइटवर लागले. "प्रशस्त, हवेशीर, मोक्याची जागा." हवेशीर! खिडकीबाहेर शेजारच्यांची भिंत आहे. किमारोसाहेबांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या — तीन महिन्यांत माझं पहिलं घर. मी हसले. चांगले दात दाखवून हसले.

६ जुलै, गुरुवार

हे घर माझ्याकडे आलं कसं ते लिहायचं टाळतेय. लिहितेच.

नऊ वर्षं मी वडीलधाऱ्या म्झे शोमारींच्या बाकावर काढली. बदामाच्या झाडाखाली एक बाक, एक कॉफीवाला, चार दलाल — झालं ऑफिस. पाटी नाही, कागद नाही. कुणाचा भाडेकरू पळाला, कुठल्या घरात भाऊ भावाशी बोलत नाही, कोण गावी परतायच्या विचारात आहे, सगळं म्हाताऱ्याच्या डोक्यात. संत वगैरे नाहीत ते! चांगलं घर दाखवायच्या आधी तीन भिकार घरं फिरवून आणायचे, म्हणजे चौथं महाल वाटायचं. पायपिटीचे पैसे चारही घरांचे घ्यायचे. पण पावसात पाणी कुठवर चढतं, ते गिऱ्हाइकाच्या पायाला हात लावून सांगायचे. "इथवर. नंतर मला शिव्या देऊ नकोस." आमच्या फर्मच्या फॉर्मवर पाण्याचा रकानाच नाही. मी विचारलं होतं. किमारोसाहेब म्हणाले, "खोटं बोलायचं नाही. विचारलं तरच सांगायचं."

एप्रिलमध्ये मी फर्ममध्ये आले. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर एसी, ठरलेला पगार. शोमारी रागावले नाहीत. "जा पोरी. मोठ्या दुकानात थंडगार वारा, इथे माश्या. मीही गेलो असतो, पण मला इंग्रजीत शिंकतासुद्धा येत नाही."

जूनच्या शेवटी बाकावर कॉफी प्यायला गेले. सवयच ती. तिथे आथुमानी आलेला — बी हिदायाच्या सवतीचा थोरला मुलगा. सवत जाऊन जमाना झाला, आता बापही गेला, घर विकायचं म्हणाला. वाटणीचा कोर्टाचा कागद त्याच्याच नावावर. शोमारी म्हणाले, "आधी इद्दत उठू दे. मग सगळे एका चटईवर बसा. तुमच्या देखत बाईला तीनदा विचारीन, आणि मगच घर दाखवीन. तोवर तू आला नाहीस आणि मी ऐकलं नाही."

बाकावर ऐकलेलं बाकावरच ठेवायचं, हा तिथला रिवाज. ज्याला कळलं त्यानं चौघांत वाटायचं, बाहेर न्यायचं नाही. नेलं तर काय करतात मला माहीत नाही. नऊ वर्षांत कुणी नेलेलं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये किमारोसाहेब एकेकाला विचारत आले, काय आणलंस? प्रत्येकाकडे काहीतरी होतं. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

निघून कसलं जातंय. मी सांगितलं. पत्त्यासकट.

१४ जुलै, शुक्रवार

गिऱ्हाईक मिळालं. मिकोचेनीचा दातांचा डॉक्टर. गाडीतून उतरलाही नाही, काच खाली करून रस्त्याची रुंदी बघितली. घर पाडून दवाखाना बांधणार. "आत कोण राहतं?" म्हणाला. मी म्हटलं, "मालकांचं कुटुंब." हे खोटं नाही. हे असलं खोटं नसलेलं मी आता फार सफाईनं बोलते.

२२ जुलै, शनिवार

बाजारात म्झे शोमारी समोर आले. वळायला जागा नव्हती, एका बाजूला टोमॅटो, दुसऱ्या बाजूला ते. मी वाकून, थोरांना म्हणतात तसं, "शिकामू" म्हटलं. त्यांनी नेहमीसारखं "मराहाबा" म्हटलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"फोटो पाहिले गं. कॉफीवाल्याच्या पोरीनं दाखवले. छान आलेत."

मी टोमॅटो दाबून बघायला लागले.

"इद्दतीतल्या खोलीत पुरुष जाऊ शकत नाही, मग बाई पाठवायची. हुशारी आहे. तू नऊ वर्षं माझ्या बाकावर होतीस, मला कधी सुचलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तिथे टार्गेट असतं, म्झे." माझं मलाच ऐकवेना. ते म्हणाले, "असेल, असेल," आणि माझ्यासाठी टोमॅटोचा भाव पाडून दिला. मी ते टोमॅटो घेतलेसुद्धा!

१ ऑगस्ट, मंगळवार

व्यवहार १४ तारखेला ठरला. वस्तीच्या कचेरीत. आधी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांनी हद्दीच्या साक्षीला सह्या करायच्या, त्याशिवाय चेअरमन शिक्का मारत नाही.

धीर करून किमारोसाहेबांना विचारलं, "बाईला सांगितलंय का कुणी?"

"कोर्टाचा कागद कुणाच्या नावावर आहे?"

"आथुमानीच्या."

"मग? तू तिची सून आहेस का? फर्मचा संबंध कागदाशी."

म्हणजे सांगितलेलं नाही. तिच्या डोळ्यांदेखत घर जाणार आणि तिला चुलीपाशी बसल्या बसल्या कळणार. आणि तिला आठवणार की एक मुलगी आली होती, आईचं नाव सांगून गेली होती.

आथुमानीचा नंबर फोनमध्ये आहे. दोनदा काढला. लावून काय विचारणार? तिच्याकडे जावं म्हटलं तर तोंड कुठे आहे मला?

५ ऑगस्ट, शनिवार

आई विचारते, जेवत का नाहीस? म्हटलं, पोट बिघडलंय.

आईला सलाम अजून सांगितलेला नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार

केलं एक काम.

बी हिदायाच्या उजव्या हाताला मामा पिली राहते, दारातच तांदळाचे गोड विटुंबुआ तळून विकते. सकाळी गेले, सहा मागितले. ती झारा फिरवत होती तेवढ्यात म्हटलं, "मामा, सोमवारी तुम्हाला सहीला बोलावलंय ना? बी हिदायाला काही सांगितलेलं नाही म्हणे. इद्दतीतच घर विकताहेत तिचं."

झारा थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं: साहेबांनी. मी म्हटलं, "बाकावर ऐकलं."

"शोमारींच्या बाकावर?"

मी मान डोलावली.

"तरीच," मामा पिली म्हणाली. "म्हातारा उगाच बोलायचा नाही." माझे सहा विटुंबुआ तेलात करपले. ते तसेच टाकून ती पदर खोचत समोरच्या घरी गेलीसुद्धा. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत झालं असेल.

१४ ऑगस्ट, सोमवार

कचेरीत चारही शेजारी आले. मी दाराआड उभी, मामा पिलीला दिसणार नाही अशी. चेअरमननं पेन पुढे केलं. एकानंही हात लावला नाही. मामा पिली म्हणाली, "हद्द कुठे आहे ते मला ठाऊक आहे. सही इद्दत उठल्यावर." बाकीचे तिघे तिच्या मागे भिंत धरून उभे. आथुमानी हात जोडून काहीतरी सांगायला लागला, "अहो, आईला सगळं —" पण त्याला बोलू कोण देतंय! "आई म्हणतोस, लाज नाही वाटत?" एवढा गलका झाला की चेअरमननं कचेरीच बंद केली.

डॉक्टरनं घड्याळ बघितलं. म्हणाला, सिन्झामध्ये दुसरी जागा बघून ठेवली आहे. गेला.

परतताना गाडीत किमारोसाहेब संतापले होते. "त्या झाडाखालच्या म्हाताऱ्याचे उद्योग! स्वतःला जमत नाही, दुसऱ्याचं होऊ देत नाही. हेच करतात हे बारके लोक." मी खिडकीबाहेर बघत होते.

खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. घरी येऊन मासा आणि उगाली खाल्ली, पुन्हा वाढून घेतली. आई बघत राहिली. मग तिला सलाम सांगितला.

२० ऑगस्ट, रविवार

मगोमेनीत शोमारींचं कौतुक चाललंय. बाईची लाज राखली म्हणे. ते म्हणतात, "मी नाही केलं, मी कुणाला बोललोही नाही." लोकांना वाटतं, विनय! आथुमानी आणि त्याचे भाऊ मशिदीत त्यांच्याकडे पाठ करून बसतात. एका भावाची दोन घरं शोमारींकडे भाड्याला लावलेली होती, ती काढून घेतली. आमच्या फर्मला दिली.

आज त्यांच्या बाकासमोरून बसनं गेले. त्यांनी हात वर केला. मला बघून की माशी हाकलायला, कळलं नाही. त्यांना माहीत आहे. त्यांना नक्की माहीत आहे, बाकावर चौघंच असतात आणि त्यातलं कुणी मामा पिलीकडे गेलेलं नाही.

जाऊन सांगायला हवं. आधी त्यांना, मग मामा पिलीला. या शुक्रवारी जाईन.

२६ ऑगस्ट, शनिवार

गेले नाही. पण एक गोष्ट मनाशी धरून आहे: बाईचं घर राहिलं. बाकी माझं काय व्हायचं ते होवो, ते घर राहिलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

इद्दत गुरुवारी उठली. आज बी हिदाया ऑफिसात आली, माझं नाव विचारत. खुर्चीत नीट टेकलीसुद्धा नाही.

म्हणाली, "फोटो बरे काढले होतेस. मीच आथुमानीला सांगितलं होतं, बाईमाणूस पाठव. आणि शेजारणींसमोर बोलू नका म्हटलं, त्या रडून गोंधळ घालतात. घालायचा तो घातलाच. एकीनं आत येऊन मला विचारलं नाही! बागामोयोला बहिणीच्या शेजारी दोन खोल्या ठरवल्या होत्या मी, माझ्या वाट्यातून घेणार होते. गेल्या त्या. मालक किती थांबणार? चाळीस वर्षं त्या घरात दुसरीच्या संसाराला पुरले, वाटलं शेवटचे दिवस तरी बहिणीपाशी काढीन." मग म्हणाली, "शोमारीचं मी काय वाकडं केलं होतं गं? आज वाटेत सलाम केला त्यानं. मी घेतला नाही. मरेपर्यंत घेणार नाही. घर तूच वीक."

मी फॉर्म काढला. मालकाचं नाव, खोल्या किती, रस्ता किती रुंद. ती सांगत गेली, मी लिहीत गेले.