आप्पांनी सांगितलेलं देवक

८ नोव्हेंबर
आज तो खरंच आला. चौफुल्याला माझ्या एसटीत चढला आणि थेट माझ्यासमोर उभा. "शिरूर एक द्या, मॅडम." ॲपवर तीन महिने बोलतोय, फोटोपेक्षा बारीक निघाला. अमोल. गाव यवतजवळ, घरी गुलछडी आणि शेवंतीचा मळा, स्वतः कुरकुंभला कंपनीत. शिरूरला चहा पिला आणि त्याच गाडीनं परत चौफुल्यापर्यंत. दोन्ही वेळचं तिकीट काढलं. ड्रायव्हरकाकांनी आरशातून सगळं पाहिलं, बोलले काही नाहीत. मी दोनदा चुकीचा स्टॉप पुकारला.

२१ नोव्हेंबर
सांगून टाकलं. ॲपवर नुसतं स्वाती होतं, आडनाव नव्हतं. म्हटलं, मी मोरे, पण तुमच्यातली मोरे नाही, आम्ही बौद्ध. उठून जायचं तर आत्ताच जा, वडापाव माझ्याकडून. अ. उठला नाही. "मला म्हाईत होतं. तुझ्या घरातल्या फोटोत मागं निळा झेंडा होता."
घरी सांगतो म्हणाला. कधी, ते मी विचारलं नाही. एवढ्या आनंदात कोण विचारतं.

१५ डिसेंबर
अ.च्या घरी 'मांडवगणचे मोरे' एवढंच कळलंय. बाकीचं त्यांनीच जोडून घेतलं. "मोरे म्हंजी आपल्यातच की," असं त्याची आई म्हणाली आणि हा गप्प बसला. मला आज सांगतोय, तेही फोनवर, मशीनच्या घरघरीत. मी फोन कापला. पारगावला एका म्हातारीवर उगाच खेकसले.
संध्याकाळी मेसेज. साखरपुडा होऊ दे, मग आबांना सांगतो. आबा म्हणजे त्याचे वडील. एकदा अंगठी घातली की ते शब्द फिरवत नाहीत म्हणे.
पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

१० जानेवारी
मेसेज, जसाच्या तसा: "आई विचारणारच. देवक मोराचं पीस. तुझ्या आईकडून पाठ करून घे."
देवक, म्हणजे त्यांच्या लग्नात कुळाची खूण म्हणून पुजतात ते. आमच्या आज्यानं घरातले देव टोपलीसकट भीमेत सोडले होते, आणि आता मी हे शिकवत बसले. आईनं भाकरी थापता थापता दोनदा म्हणून बघितलं. "मोराचं पीस. मोराचं पीस." वर विचारते, बरोबर म्हणते ना गं?
आप्पा ओसरीवर होते. ऐकलं असणार. गवंडीकाम करून हात दगड झालेत, पण विहारात दर रविवारी वंदना तेच घेतात. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

२५ जानेवारी
साखरपुडा. न्हावऱ्याच्या हॉलमध्ये, दोघांना मधलं म्हणून. विहारातलं कोणी नाही. सख्ख्या काकालासुद्धा बोलावलं नाही, कारण तो भेटल्या भेटल्या जयभीम म्हणतो.
फुलं त्यांच्याच मळ्यातली. आबांनी डोक्यावर हात ठेवला, "पोरीच्या आवाजात दम हाय" म्हणाले. आणि अ.च्या आईनं विचारलंच, ओटी भरता भरता, अगदी प्रेमानं. "इनबाई, देवक कोणतं तुमचं?"
आईचं तोंड उघडं ते उघडंच. पाठ केलेलं सगळं गेलं. सगळे तिच्याकडं बघतायत, मी ताटातल्या पेढ्यांकडं. मग मागून आप्पा.
"मोराचं पीस."
मोठ्यानं, स्वच्छ. वंदना घेतात त्याच आवाजात.
अंगठी घातली. फोटोत मी हसते आहे.

१ फेब्रुवारी, रविवार
वंदना चालू असताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी आप्पा थांबले. खोकला आल्यासारखं केलं. लोक पुढं म्हणत गेले. घरी येऊन म्हणाले, पुढल्या रविवारपासून दुसरं कुणीतरी घेईल. का, म्हटलं.
"तोंडाला शोभत न्हाई आता."
चिडले असते, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी मलाच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

९ फेब्रुवारी
अ.ला विचारलं, सांगितलंस का. पत्रिका छापू दे म्हणतो. म्हटलं, आधी साखरपुडा, मग पत्रिका, मग म्हणशील पोरं होऊ दे.
वाईट नाही तो. माझ्या पायाला सूज येते म्हणून मलम घेऊन चौफुल्याला उन्हात तासभर थांबतो. पण भित्रा आहे. आणि मीही काही कमी नाही, वडापावच्या गाड्यावर जेवढी होते तेवढी राहिले नाही.

१७ फेब्रुवारी
दुपारची फेरी. चौफुल्याला आबा चढले. एकटेच, हातात पिशवी. न्हावऱ्याला उतरून जीपनं मांडवगणला, आमच्या घरी. आप्पांना भेटायला. तिकीट नको म्हटलं तर ज्येष्ठांचं कार्ड पुढं केलं. "अर्धं फाड. सुनंच्या गाडीत फुकट बसला म्हंतील."
पिशवीतून फडकं काढलं. आत मोराचं पीस, नवं कोरं. कुणा पाहुण्याकडून मुद्दाम आणवलेलं. "तुज्या वडलांना देतो. देवकाला जुनं कशाला?"
हेच पीस आता आप्पा दोन्ही हातांनी घेणार. पुन्हा खोटं बोलणार, माझ्यासाठी.
गाडी निम्मी रिकामी होती. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, आबा, आमच्यात देवक नसतं. आम्ही बौद्ध. आप्पा आयुष्यात एकदाच खोटं बोललेत, ते तुमच्यापुढं.
आबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग एवढंच:
"अमोलला म्हाईत हाय?"
"व्हय. पहिल्यापासनं."
पीस फडक्यात गुंडाळलं. घडी नीट बसेना, तीनदा केली.
न्हावरे आलं. ते उतरले. अलीकडं मांडवगणची जीप भरत होती, पलीकडं चौफुल्याकडं जाणारी गाडी लागलेली. आबा मधोमध उभे, पिशवी छातीशी धरून. ड्रायव्हरकाका आरशातून माझ्याकडं बघायला लागले. वेळ झाली होती. डबल बेल मारली. मागच्या काचेतून दिसेपर्यंत बघितलं, ते जागचे हलले नव्हते.
शिरूर डेपोत बसून लिहितेय. अ.चे चार मिस्ड कॉल. उचलले नाहीत. अंगठी काढलेली नाही. आप्पांना फोन लावला आणि वाजायच्या आत कापला.
परतीची फेरी पाऊण तासानं. न्हावऱ्यावरूनच जाते.