सोमवारची गोळी

सोनपेठ, सोमवार, १७ नोव्हेंबर

दवाखान्यातून सहाला आले. डॉक्टरेटचा संशोधन प्रस्ताव उद्या पाठवायचाय आणि पहिलाच परिच्छेद अडलाय. विषय ठरलेला आहे, उपवासाला बीपीची गोळी टाळणारे रुग्ण. मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "सिस्टर, हा प्रश्न तुम्हाला कुठं पडला, तेच आधी लिहा."

कुठं पडला? घरीच. "सोमवार हाय माझा. उपाशीपोटी गोळी कशी घेऊ गं?" आई दर वेळी म्हणायची. दिवाळीआधी गेली, तोही सोमवारच.

'एक रुग्ण' लिहिलं, खोडलं. 'माझी आई' लिहिलं तर समिती म्हणेल, हे संशोधन की रडगाणं? प्रस्ताव परत आला तर? तरी 'माझी आई'च ठेवलं.

तिचा सोमवार आता मी धरते. अजून उपास सोडलेला नाही. उठून पाण्याबरोबर माझी बीपीची गोळी घेतली.