होडीखालचा हार

सावरखेड, जि. लातूर
१२ मार्च १९८३

चि. सौ. सिंधूस अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर अजून उस्मानाबादच लिहितेस. जिल्हा बदलला, पोस्टमन मला टोमणे मारायलाय.

नव्या जिल्ह्यात गावाला स्वतःची मुद्रा हवी, असं सरपंच केरबानं मनावर घेतलं. तुझ्या सासरच्या बंदराच्या कमानीवरची मी सुचवली: होडी, वर दिवा, खाली हार, आणि ब्रीद ‘आल्या नावेला थारा’. सगळे फिदीफिदी हसले. गुरुजी, इथं कागदाची होडी भिजंल एवढं पाणी न्हाई, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. चौथीतली होडीची कविता यांना मीच शिकवलेली. ती म्हणायला लावली, तेव्हा कुठं मुद्रा मंजूर केली. पंचायतीच्या भिंतीवर पेंटर बसलाय. हार झेंडूचा काढ म्हणालो.

पाणी एकाच विहिरीला उरलंय. केरबानं तिच्या फाटकाला साखळी-कुलूप घातलं, गावापुरतंच उघडतो; बौद्धवाड्याला त्यांचा बोअर हाय म्हणे. बोअर कोरडाच, पण पंचायतीचा ठराव. मी काय बोलणार.

मुद्रेच्या उद्घाटनाला कलेक्टर येणार, भाषण माझं. ब्रीदाचा अर्थ सविस्तर कळव. पत्राला उशीर झाला तरी मायेला करू नको.

तुझा अण्णा

वेळबंदर
२१ मार्च

ती. अण्णांस सिंधूचा शि. सा. न.

झेंडू वाचून हसू आलं, पुढचं वाचून संताप. अण्णा, तो हार नाही. ती साखळी आहे, तुटलेली.

सासूबाई सांगतात, पूर्वी बंदराच्या तोंडाला साखळी असे. पलीकडच्या गावाशी मासळीवरून भांडण, म्हणून वादळात त्यांच्या नावा बाहेरच अडवल्या. सकाळी प्रेतं इथल्याच वाळूला लागली. तेव्हा इथल्या बायकांनी घणानं साखळी तोडली. ब्रीदाचा अर्थ एवढाच.

आणि तुम्ही विहिरीची साखळी बघून कविता म्हणता? बौद्धवाड्यातली महानंदा वर्गात माझ्याशेजारी बसायची. तिला कुठला थारा दिलात? भाषणात तेही सांगा.

रागावले आहे. तरी माहेरची माया हक्काची, ती सोडणार नाही.

सिंधू

सावरखेड
४ एप्रिल

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताट सारून उठलो. तसाच पंचायतीत गेलो, केरबाला अर्थ सांगितला. बंदराचं बंदरात, म्हणाला. महानंदा रिकामी घागर घेऊन बाहेर उभी होती. गुरुजी, होडी लई भारी काढली, आता हिच्यात बसवून आम्हाला पाण्याकडं न्या, म्हणाली. अंगाची आग झाली, केरबाहून जास्त माझीच चीड आली.

भांडून काही होईना. मग केरबाला सांगितलं, अस्सल मुद्रेत साखळी आहे, हार बघून कलेक्टर हसतील. तो घाबरला. पेंटर म्हणाला, नमुना समोर पाहिजे. गावात तसली साखळी एकच. केरबानं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं आणि ती माझ्या खांद्यावर टाकली.

आता ती माझ्या खाटेखाली आहे, आणि महानंदाची घागर विहिरीवर सगळ्यांच्या रांगेत. केरबा ती परत मागायलाय. चित्र पुरं होऊ दे, मी म्हणतो. एकच कडी काढायची राहिलीय, तुटलेली. ती नमुना बघितल्याशिवाय कशी काढू, असं पेंटरनं काल त्याच्या तोंडावर विचारलं.

घण मी आणून ठेवलाय.

लोभ राहू दे, आणि हा रागही.

तुझा अण्णा