चपला घालायचं बाकडं

बाई, माझ्या हातचं एवढं आहे: चौदा स्टुलं, सागवानी, सगळी सतरा इंच उंच, एकही डुगडुगत नाही. छत्र्यांसाठी खुंटाळी एक. फायलींचं कपाट एक, त्याचं दार तुम्ही गेल्यावर पुन्हा बसवलं. आणि बाहेर व्हरांड्यात चपला घालायला बाकडं, ते तुम्ही पाहिलेलं नाही. गट चालवणंही मी यातच धरतो. त्याचं सर्टिफिकेट माझ्याकडं नाही, तेही हातानंच शिकलोय.

नांदेडला तुमच्या दारू सोडवायच्या केंद्रात मी स्टुलं करायला आलो होतो. हात असलेली एकच खुर्ची, तिच्यावरून दर गुरुवारी रुसवेफुगवे, म्हणून तुम्हाला सगळ्यांना सारखी बैठक हवी होती. मी खिडकीखाली पॉलिश करत तीन गुरुवार तुमचा गट ऐकला. चौथ्या गुरुवारी तुम्ही आतून ओरडलात, "ओ मिस्त्री, कान आत अन् ढुंगण भाईर, असं किती दिवस? या, बसा." बसलो, आणि पहिल्याच दिवशी उदगीरच्या एका दुकानदाराला चांगला लांबलचक सल्ला दिला. तुम्ही सगळ्यांदेखत काही बोलला नाहीत. मग चहा गाळता गाळता म्हणालात, "माणूस बोलून राहिला की तुमचा हात रंध्याकडं जातो. त्याला तासायला बसवलंय का तुम्हाला?" मी विचारलं, मग करायचं काय. "दुसऱ्या कुणाला विचारायचं, तुमच्यावर अशी वेळ आली व्हती का. अन् आपण गप बसायचं." गप बसायला मला वर्ष लागलं. जो फार बोलतो त्याला समोर नाही, आपल्या शेजारी बसवायचं. नजरेला नजर मिळाली नाही की तो आपोआप आवरतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नुसतं नाव सांगायची मुभा. पाचला म्हणजे पाचला सोडायचं. आणि गोलाबाहेर कुणी काही सांगू लागलं तर ते गोलात आणायला लावायचं, नाहीतर तो एकट्या आपलाच होऊन बसतो. यातलं काहीही मी चुकवत नाही.

तो इस्लापूरचा माणूस आठवतो का? भिंतीकडचं स्टूल, पाच गुरुवार गप्प. सहाव्या गुरुवारी तुम्ही लातूरला गेलेल्या, गट माझ्याकडं. पाच वाजतात, मी उठतो. सगळे पांगतात. तो व्हरांड्यात वाकलेला, एक चप्पल पायात, दुसरी हातात.

"मिस्त्री, एक सांगायचं व्हतं."

"गोलात सांगा की. पुढच्या गुरुवारी."

"तितं जमंना."

"जमंल. पयल्यांदा सगळ्यांनाच जड जातं."

तो हसला. "तुमचं घड्याळ लई पक्कं हाय."

"हाव," मी म्हणालो. मला ते कौतुक वाटलं. त्यानं दुसरी चप्पल घातली आणि गेला.

बुधवारी केंद्रात त्याच्या मेहुण्याचा फोन आला. रविवारी त्यानं जीव दिला होता. तुम्ही अजून लातूरलाच होता, फोन मी घेतला. ठेवला, आणि पटाशीला धार लावत बसलो. काही वाटलं नाही. आजही त्या जागी काही वाटत नाही. पुढं तुम्ही विचारलंत, "इस्लापूरवाले दिसंनात?" मी म्हणालो, "लांब पडतं म्हणले." "फोन करा बरं एकदा." "करतो," मी म्हणालो. दोन महिन्यांनी तुम्हीच हे जग सोडून गेलात.

तुमच्या साध्या अंगठ्याच्या चपला, ना पट्टा ना बक्कल, तरी गट सुटल्यावर पायरीवर बसून त्या घालायला तुम्हाला दहा-दहा मिनिटं लागायची. कुणी ना कुणी शेजारी टेकलेलं असायचं. ऐकून घेऊन मगच तुम्ही म्हणायचात, "हे गुरुवारी सगळ्यांत सांगाल का?" हा नियम म्हणून तुम्ही मला कधी सांगितला नाही. मला वाटायचं, गुडघे दुखतात. तुम्ही गेल्यावर कधीतरी कपाटाचं दार बसवताना ते ध्यानात आलं. मग बाकडं केलं. आता पाचला दहा कमी असताना मी विचारतो, कुणाचं काही राहिलंय का. सुटल्यावर बाकड्यावर बसतो, एक चप्पल घालतो, दुसरी तशीच ठेवतो. माणसं बोलतात.

हे पत्र तुमच्याच कपाटात, खालच्या फायलींच्या तळाशी जाईल. गेल्या महिन्यात लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यातून दोघं आले होते. त्यांच्या नव्या समुपदेशकांना मी गट चालवायला शिकवायचं, तुमची पद्धत. त्यातली मुलगी बाकड्यावर बसली, लाकडावरून हात फिरवला. "काका, किती छान! कसं सुचलं हो तुम्हाला?"

"लोकांचे गुडघे दुखतात," मी म्हणालो.

मग शिकवायला नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, पैसे कमी पडले. पाच दिवस शिकवायचे चाळीस हजार देत होते.