अख्खं हरीण न्यायचं नाही

बाबा, मी काय काम करते हेच तुला ठाऊक नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करावी ते कळत नाहीये. तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते. आता ठाकुर्लीला राहते आणि ठाण्यात एका कंपनीत फोन घेते. फोन येतात अमेरिकेतल्या एका थंड राज्यातून आणि करणारे सगळे शिकारी असतात. तिकडे शिकारीला परवाना मिळतो आणि नियम कळला नाही की विचारायला आमचा नंबर. माझी शिफ्ट संध्याकाळी सुरू होते तेव्हा त्यांची पहाट असते. बंदूक गाडीत ठेवून माणसं मला विचारतात, आज कुठल्या बाजूला गेलेलं चालेल. बाळकुममधून जिने येऊरचा डोंगर फक्त लांबून बघितलाय अशा बाईला ते हे विचारतात. तू हसला असतास.

तिकडच्या हरणांना एक रोग लागलाय, मेंदूचा. जनावर झिजत जातं, लाळ गाळतं, माणसाला भ्यायचं विसरतं आणि मरतं. पण त्याआधी कितीतरी दिवस ते ठणठणीत दिसतं, चरतं, पळतं आणि रोग पसरवत राहतं. औषध नाही. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, तरी तपासणीत रोग निघाला तर मटण खाऊ नका, असं आम्ही सांगतो. म्हणून रोगाच्या पट्ट्यात मारलेलं हरीण अख्खं बाहेर न्यायचं नाही. डोकं तपासणीला द्यायचं, कणा तिथेच टाकायचा, फक्त हाडं काढलेलं मटण न्यायचं. हे मी इतक्यांदा बोलते की भाजी निवडतानाही तोंडात येतं.

मागच्या हंगामात एका म्हाताऱ्याचा फोन आला. आवाज जड, सावकाश. म्हणाला, "हरीण गाडीत आहे, भावाकडे नेतोय. वाटेत पाटी दिसली म्हणून विचारतोय." मोठ्या भावाने त्याला शिकार शिकवलेली. दरवर्षी दोघं मिळून भावाच्या अंगणात हरीण सोलायचे. आता भाऊ अंथरुणाला खिळलाय. "खिडकीतून का होईना, त्याला अख्खं जनावर बघायचंय, मॅडम. पुढच्या वर्षी तो नसेल."

मी म्हणाले, "सर, तुम्ही आहात तिथून अख्खं नेता येणार नाही."

"ते धावत होतं. लहानपणापासून हरणं बघतोय मी. आजारी जनावर मला कळणार नाही?"

आणि बाबा, हेडसेटवर त्याचा श्वास ऐकू येत होता आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. रविवार आहे. तू गोणीत लपवून भेकर आणलंयस. आईने मागचं दार लावून घेतलंय, वास शेजारी जाऊ नये म्हणून, आणि ती पाट्यावर मसाला वाटतेय. मी ताट सरकवते. बाईंनी वर्गात सांगितलंय, शिकार गुन्हा आहे. तू हात धुता धुता थांबतोस. "माज्याच घरान मना गुन्हेगार बोलतंस?" एवढंच. मग माझ्या ताटात काळजाचा तुकडा ठेवतोस आणि मी खाते. चांगलं लागतं, हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही.

नंतर तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा खोपटच्या डेपोजवळच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून घ्या म्हणून सांगितलं. मी तुझ्या मागे लागलेले. "अगं, डोंगर चढतंय मी न थांबता. मना काय झायलंय?" तू दिवाळीच्या आधी गेलास, तुझ्या कंपनीच्या गेटवर, डबा हातात. तुझ्याशी भांडायला आणखी काय बोलायला हवं होतं, हे मी अजून शोधते. पंखा बंद करते, चालू करते, गॅलरीत जाते, परत येते. नवरा म्हणतो, "बस ना एका जागी." बसवत नाही.

म्हाताऱ्याला मी कंपनीने लिहून दिलेलं वाचून दाखवलं नाही. म्हणाले, "सर, धावत असलं तरी रोग असतो. भावाच्या अंगणाच्या मातीत तो वर्षानुवर्षं राहू शकतो. तिथे नातवंडं खेळत असतील, दुसरी हरणं येत असतील. शिंगं कवटीच्या तुकड्यासकट नीट साफ करून नेता येतात. ती त्याच्या हातात द्या. मटण वेगळं ठेवा आणि निकाल येईपर्यंत थांबा."

मग तो म्हणाला, "तुमच्याकडे कोणी शिकार करतं का?"

मी उत्तर दिलं. त्यावरून नंतर सुपरवायझरने मला बोलावलं, खाजगी बोललीस म्हणून.

काही आठवड्यांनी त्या म्हाताऱ्याने परत फोन केला आणि मलाच जोडून द्यायला सांगितलं. निकाल आलेला. हरणाला रोग होता. मटण फ्रीझरमध्ये तसंच होतं, ते तपासणीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे बांधून कचऱ्याच्या डेपोवर पोचवलं. शिंगं भावाच्या उशाशी ठेवलेली. भाऊ दोनदा चिडला, मग त्यांवरून हात फिरवत झोपला. भाऊ गेला त्याच आठवड्यात. "ती मातीची गोष्ट तुम्ही सांगितली नसती तर मी तसाच पुढे निघालो असतो," म्हातारा म्हणाला, आणि फोन ठेवला. पुढचा कॉल लगेच लागला, परवाना हरवलेल्या कोणाचा तरी.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण घरी येताना सारखं वाटत होतं, परका माणूस ऐकतो, मग तू का नाही. की मलाच तेव्हा असं बोलता येत नव्हतं. उत्तर मिळत नाही, म्हणून हे लिहिलं. पाठवायला पत्ता नाही आणि आईला वाचून दाखवायची हिंमत नाही.

त्याने विचारलेलं ना, कोणी शिकार करतं का. मी म्हणाले, "माझे वडील करतात. तेही कोणाचं ऐकत नाहीत." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, बाबा. मी दुरुस्त केलं नाही.